मास्तरांच्या खडकाची परिषद

पेरणीआधी आम्ही शेतातले दगड वेचून बांधावर टाकायचो. एकही शिल्लक नाही, असं वाटायचं. पुढच्या वर्षी नांगर घातला की तेवढेच पुन्हा वर! त्या परिषदेच्या गोष्टींचंही माझं तसंच झालंय. सगळ्या सांगून झाल्या म्हणतो, आणि कुणी पारावर नुसतं "हिराजी, ती दगडांची परिषद?" म्हटलं की आणखी एक निघते. मी चौथी शिकलेला माणूस. त्यामुळे शास्त्रातलं कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. माणसांचं चुकणार नाही.

पनवेलला रेल्वे यायच्या आधीचं हे. मी हायस्कुलात शिपाई होतो आणि पेणकर मास्तर तिथे भूगोल शिकवायचे. मास्तर बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. दोन्ही मुलगे आधीच इस्राएलला गेलेले, आता मास्तर आणि त्यांच्या घरच्या बाई निघायच्या होत्या. बोट गुरुवारची होती. घरातली भांडीसुद्धा वाटून झाली होती. मास्तरांचं मन मात्र एका खडकात अडकलं होतं.

गावाबाहेर, एसटीच्या रस्त्यापासून हाकेवर, ओढ्याकाठी तो खडक होता. राखाडी अंगाचा, आणि त्यात बोटभर जाडीचे दोन काळेभोर पट्टे. एक आडवा गेलेला, आणि दुसरा त्याला सुरीनं कापावं तसा कापून गेलेला. दोघे भेटायचे तिथे फुली झाली होती. मास्तरांनी मला ते असं सांगितलं होतं: जमीन फाटली, खालून आगीचा रस वर आला आणि थिजला, तो पहिला पट्टा. मग पुष्कळ काळानं जमीन पुन्हा फाटली, पुन्हा आग आली, तो दुसरा. म्हणजे आपल्या ओढ्यावर आग दोनदा आली.

मुंबईचे डॉक्टर सबनीस दगडांच्या शास्त्रातले मोठे. मास्तर त्यांना वर्षानुवर्षं पत्रं लिहायचे, सोबत खडकाची चित्रं काढून पाठवायचे. डॉक्टरांचं उत्तर दर वेळी एका ओळीचं असायचं. त्या भागात असं नाही, आग एकदाच आली. पुढे डॉक्टरांच्या मंडळाला कोकण विभागाची परिषद भरवायला गाव मिळेना, तेव्हा मास्तरांनी पनवेल सुचवलं आणि त्यांनी मान्य केलं. मास्तरांना दुसरं काही नको होतं. गुरुवारच्या आत त्या शिकलेल्या माणसांनी फुलीपाशी उभं राहून सांगावं, एकदा की दोनदा.

* * *

पहिल्यांदा स्वागत कमिटी झाली. तीत अकरा माणसं. अध्यक्ष बाळाशेठ. ते रस्त्यांची कामं घ्यायचे. माणूस मोकळ्या हाताचा. आलेल्या पाहुण्याला घोटभर पाणी मागू द्यायचे नाहीत, त्याच्या आधी सरबत पुढे.

मास्तरांनी कमिटीला भूशास्त्र म्हणजे काय ते तासभर समजावलं. पृथ्वीच्या पोटातली आग, कोट्यवधी वर्षं, थरावर थर. सगळे माना डोलवत होते. मास्तरांना फार बरं वाटलं. त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका?

बाळाशेठ म्हणाले, "शंका नाही. पण पाणी किती हातांवर लागेल?"

मग कळलं, अकरांपैकी नऊ जण विहिरीसाठी कमिटीत आले होते. दहावे मास्तर. अकरावे आमचे हेडमास्तर, त्यांच्या घरी नळ होता.

मास्तर कुणाला नाही म्हणणारे नव्हते. छापील प्रोग्रॅममध्ये पहिलं सेशन 'दख्खनचे खडक' आणि दुसरं 'कोकणातील जांभा'. तिसऱ्याखाली सरळ छापलं होतं, 'विहिरी (स्थानिक)'. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी पत्र पाठवून विचारलं की हे स्थानिक म्हणजे कोणते खडक?

* * *

प्रोग्रॅममध्ये उरणजवळच्या मोऱ्याच्या किनाऱ्याची सहलही होती. तिथे काही खडक फक्त ओहोटीला उघडे पडतात. बाळाशेठचं म्हणणं, सहल दुपारी चारला ठेवू, म्हणजे किनाऱ्यावरच चहा देता येईल.

मोऱ्याचे होडीवाले धर्मा तांडेल सल्ल्याला बोलावले होते. ते कोपऱ्यात उकिडवे बसून म्हणाले की त्या दिवशी चारला भरती असेल, माणूस छातीएवढा बुडेल. बाळाशेठना पटेना. चारची वेळ सगळ्यांच्या सोयीची होती. हेडमास्तर म्हणाले, लोकशाही आहे, मतं घ्या. मतं घेतली. चारचा ठराव आठ विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला.

तांडेल धोतर झटकत उठले. म्हणाले, "दर्याला पन कलवा."

परिषदेच्या पंधरा दिवस आधी भरती-ओहोटीची तीच वेळ आली, तेव्हा कमिटीनं रंगीत तालीम केली. बाळाशेठ पुढे, मागे चहाची किटली घेतलेला मी. खडक काही दिसेनात. बाळाशेठ म्हणाले, जरा आत असतील. आणखी आत गेलो. जरा म्हणता म्हणता पाणी त्यांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आलं. मी किटली डोक्यावर धरली. मतं घ्यायला लावणारे हेडमास्तर मागे वळून काठाकडे ओरडले, तांडेल, हे ओसरणार कधी?

तांडेल होडीच्या काठावर बसून विडी ओढत होते. "तुमचा दगड कोटी वरसं थांबलाय ना? मंग सा तास थांबंल."

छापील प्रोग्रॅमवर चिठ्ठी चिकटवावी लागली. वेळेच्या जागी लिहिलं होतं, 'तांडेल सांगतील तेव्हा'.

* * *

परिषद रविवार-सोमवारची ठरली. शनिवार मास्तर पाळायचे, म्हणून तो सोडून. मास्तरांच्या बोटीच्या आदल्या गुरुवारी डॉक्टर सबनीस प्रदर्शनाच्या दगडांच्या पेट्या घेऊन होडीनं पनवेल बंदरावर उतरले. मी हातगाडी घेऊन गेलो होतो.

नाक्यावरच्या जकात कारकुनानं पेट्या उघडायला लावल्या. माणूस फार नियमाचा. वही उघडून विचारलं, हे काय?

डॉक्टर म्हणाले, दगड.

कारकुनाच्या वहीत दगडांचे तीन प्रकार होते. बांधकामाचा दगड, पाटे-वरवंटे, देवाच्या मूर्ती. डॉक्टरांनी सांगितलं, यांतलं काहीच नाही. यानं घर बांधत नाहीत, वाटण वाटत नाहीत. मग याचं करतात काय? बघतात. बघून? बघून परत नेतात.

कारकून बराच वेळ डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला चेष्टा वाटली नाही, काळजी वाटली. त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, यांच्याबरोबर घरचं कुणी आलंय का?

मी त्याला सांगितलं की हे लोक दगडापुढे तास-तास बसतात, त्याच्यासाठी डोंगर चढतात, उपाशी राहतात. ते ऐकून त्याचा चेहरा उजळला. त्यानं टाक बुडवला आणि पावती फाडून दिली. मूर्तींवर जकात नव्हती. पावतीवर लिहिलं होतं, 'देव, अपूर्ण. नग एकेचाळीस.'

* * *

आता माझी चूक सांगतो. सांगायला नको वाटते, पण दुसऱ्यांच्या सांगितल्या तर आपलीही सांगावी.

शाळेच्या फाटकापासून पायरीपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड लावलेले असत. इन्स्पेक्टर येणार असले, की आदल्या दिवशी ते रंगवायचे. एक चुन्यानं पांढरा, एक गेरूनं लाल. ते माझं काम. माझ्या दगडांची ओळ कधी वाकडी झाली नाही, असं हेडमास्तर म्हणायचे.

होडीत पाणी शिरून डॉक्टरांच्या पेट्या भिजल्या होत्या. म्हणून शुक्रवारी पहाटे त्यांनी दगड सुकायला वाटेच्या कडेनं मांडले आणि ते आंघोळीला गेले. मी सहाला बादल्या घेऊन आलो. ओळ लांबलेली दिसली. मला वाटलं, एवढे मोठे पाहुणे येणार म्हणून हेडमास्तरांनी जास्तीचे दगड आणवले. मी एकही सोडला नाही. एक पांढरा, एक लाल. शेवटी दोन पावलं मागे जाऊन पाहिलंही. छान दिसत होते.

डॉक्टर पंचा गुंडाळून बाहेर आले आणि पायरीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आम्ही ओळीतून एकेचाळीस दगड मोजून उचलले आणि धुतले. रंग निघाला, त्याबरोबर त्यांवरचे नंबरही निघाले. कुठला दगड कुठल्या गावचा, हे आता डॉक्टरांनाही सांगता येईना. तेवढ्यात मास्तर आले. खाली बसले, एक दगड उचलला, हातात तोलला, नाकाशी नेला, जिभेचं टोक लावलं. म्हणाले, रत्नागिरी. दुसरा उचलला. वाई. तिसरा, महाड, पण नदीतला. डॉक्टर वहीत बघत होते आणि एकेक खूण करत होते. चाळीस दगड झाले. एकही चुकला नाही. डॉक्टरांची पाठ हळूहळू ताठ होत गेली.

एक उरला. मास्तरांनी तो जरा जास्तच वेळ पाहिला. मग माझ्या हातात दिला. "हा आपल्याच वाटेवरचा, हिराजी. जागेवर ठेव."

म्हणजे डॉक्टरांचा एकेचाळिसावा दगड त्या ओळीत मिसळला. पुढे मी निवृत्त होईपर्यंत दर इन्स्पेक्टरला तो रंगवला असणार. पांढरा की लाल, ते देवाला ठाऊक.

त्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी स्वतःच्या पेनानं प्रोग्रॅमच्या शेवटी एक ओळ वाढवली: श्री. पेणकर, पंधरा मिनिटं. मास्तरांनी तो कागद घडी करून टोपीत ठेवला. मला म्हणाले, "पदवी नसलेल्या माणसाला पंधरा मिनिटं फार झाली रे." मग टोपी काढून तो कागद पुन्हा एकदा वाचला.

* * *

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये परिषद भरली. माझ्याकडे घंटा दिली होती. ज्यानं त्यानं पंधरा मिनिटं बोलायचं, पंधरावं मिनिट झालं की टोल द्यायचा.

पहिले तीन जण वेळेत बसले. चौथे एक म्हातारे प्राध्यापक होते, जांभ्या दगडावर बोलायला आलेले. आवाज बारीक. म्हणाले, हा दगड मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो, माझी चाळीस वर्षं याच्यात गेली. पंधरा मिनिटं झाली. मी लाकडी हातोडी उचलली. ते सांगत होते की एकदा पावसाळ्यात त्यांना घाटात ताप भरला आणि ते जांभ्याच्या कपारीत तीन दिवस पडून राहिले. आता अशा माणसावर घंटा कशी मारायची? मुलगी सासरी कशी नांदते ते बाप सांगतोय, आणि आपण मध्येच टोल द्यायचा?

ते सव्वा तास बोलले.

त्यानंतर विहिरींचं सेशन. आजूबाजूच्या गावांतून साठ-सत्तर माणसं आली, प्रत्येकाच्या रुमालात आपल्या शेताची माती बांधलेली. पाहुणे शास्त्रज्ञ घाम पुसत ती माती बघत होते. एका म्हातारबुवांनी माती दाखवून पाणी किती खोल ते विचारलं. शास्त्रज्ञ म्हणाले, खोदल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हातारबुवा मागच्यांकडे वळून म्हणाले, "मंग आपन नि हे सारखंच की."

हे संपलं तेव्हा सहा वाजले होते. सहाला हॉल भजनी मंडळाला दिलेला होता. टाळकरी दारात उभे. मास्तर पहिल्या रांगेत कागद हातात धरून बसले होते, सकाळपासून तसेच. त्यांचा पेपर झाला नाही.

मी खुर्च्या उचलताना त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, मास्तर, माझ्यामुळे झालं.

ते म्हणाले, "तू त्या म्हाताऱ्यावर घंटा मारली असतीस, तर मी तुझ्याशी बोललो नसतो." मग टोपी घातली. "उद्या सगळे खडकापाशी येणारच आहेत. तिथेच वाचतो. तिथे मला बोलायचंही काम नाही."

* * *

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. तीसेक पाहुणे, कोट-टोपीतले, हातात हातोड्या. मास्तर सगळ्यांच्या पुढे. परिषदेच्या धावपळीत मास्तर काय, मी काय, दहा दिवस तिकडे फिरकलो नव्हतो.

एसटीच्या रस्त्यावरून ओढ्याकडे वळलो आणि मास्तर थांबले. तिथे काटेरी पायवाट असायची. आता तिथे रस्ता होता. नवाकोरा, रुंद, खडी पसरलेला, दोन्ही बाजूंना पताका. तोंडाशी बाळाशेठ हार घेऊन उभे.

डॉक्टरांनी कमिटीला पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं की वाट खराब असेल तर वयस्कर मंडळींना खडकापर्यंत येणं जमणार नाही. ते बाळाशेठनी मनात धरलं. त्यांनी कुणाला न सांगता आठवड्यात रस्ता केला, आपल्या पदरचा. मास्तर जाण्याआधी त्यांना ही भेट द्यायची होती.

मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं. मग ओढ्याकडे पाहिलं. ओढ्याचा काठ मोकळा होता.

"शेठ," मास्तर म्हणाले, "खडी कुठून आणलीत?"

"लांबून कशाला आणायची? इथंच ओढ्यावर एक चांगला टणक खडक होता की."

पताकांचा तेवढा फडफड आवाज. बाळाशेठ सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांना कळलं. हातातला हार खाली गेला. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

मास्तर चिडले नाहीत. त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला, चष्मा पुसला आणि रस्त्यावर गुडघे टेकले. खडीचा एक तुकडा उचलला, पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला.

डॉक्टर सबनीस थोडा वेळ उभे होते. मग तेही बसले. मग जांभ्यावाले म्हातारे प्राध्यापक बसले. एकेक करत तीसच्या तीस विद्वान रांगत रस्त्यावर पसरले. बाळाशेठ तर धोतर खोचून सगळ्यांच्या पुढे गेले. फुलीचा एवढासा तुकडा, आणि खडी गाड्याच्या गाड्या. काळ्या पट्ट्याचे तुकडे पुष्कळ मिळाले. पण नुसता पट्टा काय सांगणार? डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणेही पट्टा होताच. दोन पट्टे एकमेकांना भेटलेले हवे होते.

ऊन चढलं. उरणहून येणारी एसटी रस्त्यावर थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, काय हरवलं?

मी म्हटलं, दगड. फुली असलेला.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. कंडक्टर उतरला, मग अख्खी गाडी उतरली. कुणी विचारलं नाही कशाला, कुणाचा. चाळीस माणसं खडीत बसली. नवरा-नवरी होती नवी, ती पण बसली. शहाण्यासुरत्या माणसांचं काही तरी हरवलंय, एवढं पुरे होतं.

माशाची पाटी घेतलेली एक कोळीण होती. ती रस्त्याच्या अगदी शेवटी, ओढ्याच्या अंगाला बसली होती. तिनं मुठीएवढा तुकडा उचलला, पदरानं पुसला आणि बसल्या जागेवरून विचारलं, "ह्यो तर नाय?"

डॉक्टर जवळ होते. त्यांनी तो घेतला, खिशातलं भिंग काढलं आणि पाहू लागले. फिरवून पाहिला, उन्हाकडे धरून पाहिला. सगळे उठून उभे राहिले. मास्तर तेवढे गुडघ्यांवरच होते. त्यांना उठता येत नव्हतं की उठायचं नव्हतं, मला कळलं नाही.

डॉक्टर त्यांच्यापाशी आले, खाली बसले, आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"दोनदा," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी मूठ मिटली.

कोळणीनं एकदा डॉक्टरांकडे, एकदा मास्तरांकडे पाहिलं. "दोनदा काय?"

"आग, मावशी," मास्तर म्हणाले. "इथं दोनदा आग लागली होती."

"येवढंच व्हय?" ती म्हणाली. "मी तं रोज दोनदा पेटवते." आणि पाटी डोक्यावर घेऊन ती गाडीत जाऊन बसली.